कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच आणि मॅनिफोल्ड बदलताना: आधी जुना का जळला ते शोधा

पंक्चरचं दुकान, सुतारकाम, सोफ्याचा कारखाना, स्प्रे पेंटिंग, दुचाकीचं गॅरेज. या सगळ्यांकडे दिसणारा छोटा कॉम्प्रेसर बहुधा एकाच घडणीचा असतो. सिंगल फेजची २ एचपी मोटर, ५० ते १०० लिटरची आडवी टाकी, आणि टाकीवर एका निपलवर, म्हणजे आट्यांच्या छोट्या जोडनळीवर, उभा असलेला प्रेशर स्विच. त्या स्विचच्या बुडालाच गेज, सेफ्टी व्हॉल्व आणि होजकडे जाणारा दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर लटकवलेले असतात. हे सगळे जोडणाऱ्या अनेक तोंडांच्या तुकड्याला मॅनिफोल्ड म्हणतात. मशीनचा सगळ्यात आधी दगा देणारा भाग हाच. मोटर सुरू होत नाही, किंवा बंदच होत नाही, किंवा मॅनिफोल्डला तडा जाऊन हवा सुटत राहते.

हे दोन्ही भाग बदलणं नवख्यालाही जमण्यासारखं आहे. पण बदललेला नवा स्विचही काही महिन्यांतच जळाल्याची तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की मी पानं-पक्कड हातात घ्यायच्या आधीच्या तपासणीवर जास्त लिहिणार आहे. स्विचला मारणारं कारण बहुतेक वेळा स्विचच्या बाहेर असतं. ते तसंच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो.

वर काय काय बसलेलं असतं

प्रेशर स्विचचं काम सोपं आहे. टाकीतली हवा त्याच्या बुडातल्या रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, वर ढकलते. वरून स्प्रिंग त्याला खाली दाबून धरते. हवेचा जोर स्प्रिंगच्या वर गेला की आतले कॉन्टॅक्ट उघडतात आणि मोटर थांबते. हा कट-आउट. दाब उतरला की कॉन्टॅक्ट पुन्हा जुळतात, तो कट-इन. छोट्या मशीनवर कट-आउट साधारण ८ बार आणि कट-इन ६ बारच्या आसपास असतो. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. दुकानात ज्याला नुसतं ‘किलो’ म्हणतात तो दाब बारच्या इतका जवळ आहे की रोजच्या कामात दोन्ही एकच धरले तरी चालतात.

स्विचच्या कुशीला एक बारका व्हॉल्व असतो, अनलोडर. तिथून एक बारीक नळी टाकीवरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्वकडे जाते. या व्हॉल्वला सगळे एनआरव्ही म्हणतात. पंपाच्या हेडकडून येणारी जाड नळी जिथे टाकीत शिरते, तिथेच तो बसवलेला असतो. मोटर थांबली की ‘फुस्स’ असा आवाज येतो तो या अनलोडरचा. हेड आणि एनआरव्ही यांच्यामध्ये अडकलेली हवा तो सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला मोकळ्या पिस्टनवर सुरू होता येतं. हे ‘फुस्स’ नीट झालं नाही, तर मोटरला भरलेल्या दाबाविरुद्ध जोर लावून सुरू व्हावं लागतं. एरवी ९-१० अँपिअर घेणारी मोटर सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि वेग घ्यायला जितका उशीर, तितका वेळ तो करंट स्विचच्या दोन इवल्याशा कॉन्टॅक्टमधून वाहतो. जुन्या स्विचचं कव्हर काढून टॉर्च मारा. चांदीसारख्या चकचकीत ठिपक्यांच्या जागी काळे खड्डे पडलेले दिसतील, आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर काजळी आणि कधीकधी वितळलेल्या धातूचे बारीक मणी. ते खड्डे या उशिराचे आहेत.

दोष खरंच स्विचचा आहे का

मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि टाकी रिकामी केल्यावर मात्र लगेच सुरू होते. इथे अनलोडर किंवा एनआरव्हीवर संशय घ्यायचा. टाकी रिकामी असतानाही घुमते, तर कपॅसिटर किंवा कमी व्होल्टेज पाहायचं. खेडेगावात संध्याकाळी सिंगल फेजचं व्होल्टेज पार खाली येतं, त्यात लांबलचक बारीक एक्स्टेन्शन वायर असली की मोटर कशीबशी उठते. अशा ठिकाणी कितीही भारी स्विच लावा, त्याचं आयुष्य कमीच.

मोटर थांबल्यानंतर अनलोडरमधून हवा काही सेकंदांत बंद होण्याऐवजी सुटतच राहते? मग टाकीतली हवा एनआरव्हीमधून उलटी येते आहे. नवे लोक इथेच फसतात. आवाज स्विचखालून येतो म्हणून स्विच बदलतात, आणि नवीन स्विचमधूनही हवा तशीच सुटते. खात्री करायला काही उघडायची गरज नाही. मोटर थांबल्यावर अनलोडरच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येत राहिले तर एनआरव्ही खराब. याउलट मोटर चालू असताना तिथून हवा सुटत असेल, तर अनलोडरचाच व्हॉल्व गेला. तो बहुतेक स्विचवर वेगळा मिळतो.

काम चालू नसतानाही मशीन थोड्या थोड्या वेळानं आपोआप सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक सुरुवातीला कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, त्यामुळे फालतू सुरुवाती म्हणजे फालतू झीज. होजचे कपलर (होज पटकन लावायचे-काढायचे जोड), रेग्युलेटरची कडा, ड्रेन कॉक आणि मॅनिफोल्डचे सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं पाहून घ्या.

आता स्विचचेच खरे दोष. टाकीत दाब असताना स्विचच्या कव्हरच्या आतून किंवा बुडाच्या पत्र्याच्या सांध्यातून हवा येते, म्हणजे डायफ्रॅम फाटला. दाब कट-आउटच्या पुढे गेला तरी मोटर थांबत नाही, म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटले किंवा दाब स्विचपर्यंत पोहोचतच नाही. या अवस्थेत मशीन एक क्षणही चालू ठेवू नका, प्लग काढा. त्या वेळी टाकी आणि तुमच्यामध्ये एकटा सेफ्टी व्हॉल्व उभा असतो. तिसरा प्रकार, टाकी रिकामी आहे, स्विचपर्यंत वीज येते आहे, पण पुढे जात नाही. वीज तोडून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर लाइन आणि मोटरची टर्मिनल तपासा. रिकाम्या टाकीला, स्विचची चालू-बंद करायची लिव्हर ऑटोवर असताना, दोन्ही जोड्यांमध्ये बीप यायला हवा.

कव्हर उघडलंच आहे तर आत मुंग्या आहेत का तेही पाहा. उबदार कोपरा म्हणून त्या स्विचमध्ये घर करतात, कॉन्टॅक्टच्या मध्ये चिरडल्या जातात आणि तिथे साका धरतो. अशा वेळी नवा स्विच बसवताना वायरीच्या ग्लँडचं, म्हणजे वायर आत शिरते तिथल्या आवळत्या बुचाचं, भोक नीट बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

मॅनिफोल्डचं दुखणं वेगळं. छोट्या मशीनवर तो जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या ओतीव धातूचा असतो. होज ओढली जाते, कपलर सारखा लावला-काढला जातो, वर पंपाची थरथर चोवीस तास नसली तरी रोजची. त्याचा मार आट्यांच्या पहिल्या वळणाशी बसतो आणि तिथून केसासारखा तडा जातो. त्यावर एम-सील किंवा इपॉक्सी लावून काम रेटणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. तडा गेलेला ओतीव धातू नुसता गळत राहत नाही, एके दिवशी तुकडा उडतो.

खरेदीला जाताना

आधी टाकीवरची पाटी वाचा. तिच्यावर कमाल कामाचा दाब लिहिलेला असतो. तो आकडा लिहून घ्या, पुढची सगळी गणितं त्याच्या आत बसवायची आहेत. पाटीच नसेल किंवा वाचता येत नसेल, तर टाकीची हायड्रोलिक टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, करून घेतल्याशिवाय तिच्यावर नवा माल बसवू नका.

जुना स्विच आणि मॅनिफोल्ड काढून सोबत घेऊन जाणं सगळ्यात उत्तम. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर अशा ठिकाणी किंवा तुमच्या तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे हा माल मिळतो. दुकानदाराला पाच गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: सिंगल फेज की थ्री फेज, मोटर किती एचपीची, कट-आउट किती, किती तोंडांचा हवा, अनलोडर पाहिजे की नाही.

एक तोंडाचा स्विच घेतला तर मॅनिफोल्ड वेगळा लागतो. चार तोंडांच्या स्विचचं बूड हाच मॅनिफोल्ड: खालचं तोंड टाकीकडे, बाकी तीन गेज, सेफ्टी व्हॉल्व आणि रेग्युलेटरला. जिथे दिवसभर काम चालतं तिथे मी एक तोंडाचा मजबूत स्विच आणि पितळी मॅनिफोल्ड असा वेगळा जोड पसंत करतो. जर्मनीच्या कॉन्डोर कंपनीची एमडीआर मालिका अशा कामात वर्षानुवर्षं टिकते. पुढे यातला एक भाग गेला तर दुसऱ्याला हात लावावा लागत नाही, हा मोठा फायदा. घरगुती वापराला चार तोंडांचा पुरेसा आहे.

अँपिअरचं रेटिंग मोटरच्या पाटीवरच्या करंटपेक्षा चांगलं वर असू द्या. मोटर १० अँपिअरची आणि स्विचवरही मोटरसाठी १० लिहिलेलं, हा काटावरचा सौदा झाला.

आणि आता आटे. या कामात सर्वात जास्त माल इथे वाया जातो. आपल्याकडचे पाइप फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांचे असतात. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच स्विचवर एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, आटे असतात. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे आणि त्यांचा कोन ५५ अंश, पाव इंची एनपीटीला इंचाला १८ आटे आणि कोन ६० अंश. फरक एवढा बारीक की एकाचा निपल दुसऱ्यात दोन-तीन वळसे सहज जातो आणि मग अडकतो. अडकला म्हणजे घट्ट बसला असं वाटतं. टेप भरपूर गुंडाळली तर काही दिवस गळतही नाही. पण धातू धातूला दोन-तीन आट्यांवरच धरून असतो. ओळखायची युक्ती: खात्रीचा बीएसपी निपल आणि नवा भाग यांचे बाहेरचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. सगळे दात एकमेकांत रुतले आणि मधून प्रकाश दिसला नाही तर जुळले. एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला चढतात, तर वेगळे आहेत. बाई आटे, म्हणजे भोकाच्या आतले, असतील तर ओळखीचा निपल टेप न लावता हातानं फिरवून पाहा, चार-पाच वळसे मोकळा गेला पाहिजे. जुळत नसेल तर एनपीटी ते बीएसपी असा पितळी ॲडॅप्टर मागा. दुकानदार ‘बसतंय की, टेप जास्त मारा’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

मॅनिफोल्ड फिटिंग जोडून बनवणार असाल तर पितळी निपल, टी आणि क्रॉस घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, तोही चालतो, पण आतून गंजतो आणि गंजाचे पापुद्रे डायफ्रॅमखाली आणि रेग्युलेटरमध्ये जाऊन बसतात. पाण्याच्या लाइनचं पीव्हीसी, यूपीव्हीसी, सीपीव्हीसी यांतलं काहीही दाबाच्या हवेला लावायचं नाही. पाण्यात ते नुसतं फुटतं, हवेत त्याच्या ठिकऱ्या उडतात.

यादीत सेफ्टी व्हॉल्वही घाला. जुना हिरवा पडला असेल किंवा त्याची रिंग ओढून हवा सुटत नसेल तर त्याला परत बसवू नका. नवा घेताना त्याच्यावर कोरलेला दाब कट-आउटच्या वर आणि टाकीच्या कमाल दाबाच्या आत पाहिजे. टाकी १० बारची, कट-आउट ८, मग व्हॉल्व ९ किंवा फार तर १० चा. बाकी सामान किरकोळ: टेफ्लॉन टेप, नवीन गेज, अनलोडरच्या नळीसाठी पितळी रिंग आणि नट, वायरीचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे).

वीज आणि हवा, दोन्ही शून्यावर

बटण बंद करून थांबू नका, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवा. बऱ्याच ठिकाणी वायरिंग उलटं असतं आणि बटण न्यूट्रल तोडतं, फेज जिवंतच राहते. वायर थेट बोर्डात गेलेली असेल तर एमसीबी पाडून मल्टिमीटरनं स्विचच्या टर्मिनलवर खात्री करा. टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. मोटरच्या कपॅसिटरच्या डब्याला या कामात हात लावायची गरज नाही. वीज तोडल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

मशीन नुकतीच चालली असेल तर हेडची नळी आणि एनआरव्ही चटका बसण्याइतके तापलेले असतात, ते गार होऊ द्या. मग टाकीच्या पोटाखालचा ड्रेन कॉक उघडा, तोंड बाजूला ठेवून. पावसाळ्यात तांबडं पाणी बरंच निघेल. ३० अंश तापमानाला ८० टक्के आर्द्रता असताना १ घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. ती हवा ८ बारला दाबून पुन्हा गार झाली की त्यातलं २० ग्रॅमच्या आसपास पाणी होऊन टाकीतच राहतं. कोकणात रोज ड्रेन करा असं सांगतात ते उगाच नाही.

गेजचा काटा शून्यावर आला म्हणजे टाकी रिकामी झाली असं समजू नका. तुम्ही बदलायला निघाला आहात तो गेजही खराब असू शकतो. सेफ्टी व्हॉल्वची रिंग ओढून पाहा आणि काम संपेपर्यंत ड्रेन कॉक उघडाच ठेवा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या टाकीच्या एका झाकणावर ८ बारला साडेपाच टनांहून जास्त जोर असतो, आणि पाव इंची प्लगच्या मागेही दहा किलोहून जास्त. अर्धवट भरलेल्या टाकीचा निपल सोडणं म्हणजे तो तोंडासमोरून उडवणं.

जुनं काढणं

कव्हर काढा आणि मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. कोणती वायर कोणत्या टर्मिनलला हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. वायरींना चिकटपट्टीनं खुणा करा: बोर्डाकडून आलेल्या दोन, मोटरकडे गेलेल्या दोन, आणि अर्थिंगची हिरवी. काही मशीनवर आधी कुणीतरी अर्थिंग कापून टाकलेली सापडते. तशी सापडली तर नव्या कामात ती जोडणं हा कामाचाच भाग धरा.

अनलोडरची नळी सोडा. ती वाकवू नका, ॲल्युमिनियमची नळी दुसऱ्या वळणाला मोडते. मग गेज, सेफ्टी व्हॉल्व, रेग्युलेटर एकेक करून काढा. रेग्युलेटर आधी काढला नाही तर स्विच फिरवताना तो टाकीला किंवा मोटरला अडतो. शेवटी स्विच. इथे दोन पानं लागतात. एक टाकीवरच्या निपलला किंवा सॉकेटला धरून ठेवायला, दुसरा स्विचचं बूड फिरवायला. पाना बुडाच्या षटकोनी भागालाच लावा. कव्हर किंवा पत्र्याची चौकट धरून पिळलं तर स्विच तुटतो आणि निपल टाकीत राहतो. निपल गंजून बसला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर सोडा. गॅसनं तापवायचं नाही, टाकीवर वेल्डिंग तर नाहीच. टाकीच्या पत्र्याला आणि वेल्डच्या सांध्याला लागलेली आच तिची ताकद कुठे कमी करते ते बाहेरून दिसत नाही.

टाकीच्या तोंडातले आटे तारेच्या ब्रशनं साफ करा, जुन्या टेपचे धागे पक्कडीनं वेचून काढा. हे धागे आत गेले की नेमके अनलोडरच्या किंवा रेग्युलेटरच्या भोकात जातात. निपलच्या आतून आरपार दिसतं का पाहा. गंज आणि तेलाच्या चिखलानं तो बुजलेला असतो, आणि मग दाब स्विचपर्यंत उशिरा पोहोचतो.

एनआरव्हीला हात लावायची हीच वेळ. टाकी रिकामी आहे, नळी सुटलेली आहे. त्याची टोपी उघडा, आतली चकती आणि स्प्रिंग बाहेर काढा. चकतीवर बसकणाचा गोल ठसा खोल उमटला असेल, कडा जळून कडक झाली असेल किंवा काळा कार्बन चिकटला असेल तर चकती किंवा अख्खा एनआरव्ही बदला. स्विचच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे, आणि नव्या स्विचचं आयुष्य ठरवणारा भाग हाच आहे.

नवं बसवणं

आधी टेप न लावता सगळी मांडणी हातानं जुळवून पाहा. गेजचं तोंड काम करणाऱ्याकडे, सेफ्टी व्हॉल्वचं तोंड माणसांपासून दूर, रेग्युलेटरची मूठ हाताला येईल अशी. आणि स्विच पूर्ण घट्ट झाल्यावर अनलोडर एनआरव्हीच्या बाजूला आला पाहिजे, हे आधीच हेरून ठेवा.

टेप लावताना आट्यांचं टोक स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ताणून गुंडाळा. उलट गुंडाळली तर घट्ट करताना सुटत जाते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, तीन-चार थर पुरे. प्लंबर पाण्याच्या लाइनला ताग आणि सफेदा लावतात तो इथे नको, बारीक भोकं बुजतात.

हातानं जातं तेवढं फिरवा, मग पान्यानं साधारण दीड-दोन वळसे. पितळ आणि ओतीव धातू यांना जास्त जोर सोसत नाही. निमुळता निपल हा पाचरीसारखा असतो, जितका आत ठोकाल तितका बाहेरचा भाग फाकतो. गेज किंवा रेग्युलेटर नेमक्या दिशेला आणायला थोडंसं मागे फिरवायची इच्छा होते. तसं केलं तर सांधा गळणार. पुढे जात नसेल तर काढा, टेपचा एक थर कमी-जास्त करून पुन्हा लावा.

टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व यांच्यामध्ये कोणताही कॉक, बॉल व्हॉल्व किंवा बुच येता कामा नये. गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्वच्या जागी प्लग मारलेली मशीन मी पाहिली आहेत. अशा मशीनजवळ काम करणाऱ्या पोराला याची कल्पनाही नसते, म्हणून दिसली की मालकाला स्पष्ट सांगा आणि ती बंद करायला लावा.

मॅनिफोल्ड पुन्हा तुटू नये यासाठी एक बदल आवर्जून करा. होजचा कपलर थेट मॅनिफोल्डवर लटकवू नका. रेग्युलेटरनंतर हातभर लवचिक होज घ्या आणि तिचं दुसरं टोक मशीनच्या चौकटीला क्लॅम्पनं बांधून तिथे कपलर लावा. मग ओढ, धक्का, झटका सगळं चौकट घेते.

अनलोडरच्या नळीचं टोक जुन्या रिंगनं चेपलेलं असेल तर तेवढं सरळ कापून नवी रिंग घाला. आधी नट, मग रिंग, मग नळी तोंडात तळाला टेकवून नट आवळायचा.

वायरिंग

स्विचवर लाइन आणि मोटर अशी टर्मिनल लिहिलेली किंवा अक्षरांनी दाखवलेली असतात. बऱ्याच स्विचवर बाहेरची दोन लाइनची आणि आतली दोन मोटरची, पण जुन्यावर होतं तसंच नव्यावर असेल असं धरून चालू नका. मल्टिमीटरनं जोड्या ओळखा. २ एचपीला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, टोकाला लग दाबून. नुसत्या पिळलेल्या तारा स्क्रूखाली दाबल्या की थरथरीनं सैल होतात, सैल सांधा तापतो, आणि जळालेल्या टर्मिनलला लोक ‘स्विच खराब निघाला’ म्हणतात. अर्थिंगची वायर हिरव्या खुणेच्या स्क्रूलाच, इतर वायरींपेक्षा थोडी लांब ठेवून, म्हणजे ओढ बसली तर ती शेवटी सुटेल. ग्लँड आवळा, वायर ओढून पाहा, कव्हर लावा. कव्हर उघडं ठेवून मशीन चालवायची नाही, अगदी दाब बसवतानासुद्धा.

पहिली सुरुवात

ड्रेन कॉक बंद करा, लिव्हर बंदवर असताना प्लग लावा, मग लिव्हर ऑटोवर. तुमचा एक हात बटणाजवळ आणि नजर गेजवर. २ बारला थांबवा आणि सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं पाहा. बुडबुडा दिसला तर टाकी रिकामी करूनच सांधा उघडा, दाब असताना पाना लावू नका. मग ४ ते ५ बार, पुन्हा तेच. मग कट-आउटपर्यंत जाऊ द्या. पाटीवरच्या दाबाजवळ काटा गेला आणि मोटर थांबली नाही तर स्वतः बंद करा.

थांबली की ‘फुस्स’ ऐका. एकदा येऊन गप्प व्हायला हवं. मग होजमधून हवा सोडत जा आणि कोणत्या आकड्याला मोटर पुन्हा सुरू होते ते पाहा. ६ आणि ८ बार आले तर काहीच फिरवू नका. कंपनीनं बसवून दिलेल्या स्प्रिंगा उगाच छेडणं नको.

बदलायचंच असेल तर प्लग काढून कव्हर उघडा. बहुतेक स्विचमध्ये मोठ्या स्प्रिंगचा नट दोन्ही आकडे एकत्र वर-खाली करतो आणि छोट्या स्प्रिंगचा नट त्यांच्यातलं अंतर बदलतो. कव्हरच्या आत बहुधा आकृती असते, ती पाहा. अर्ध्या वळशानं फिरवा, कव्हर लावा, मशीन चालवून आकडा वाचा. अंतर दीड बारपेक्षा कमी करू नका, नाहीतर मोटर सारखी चालू-बंद होत राहील आणि कॉन्टॅक्ट पुन्हा खाल्ले जातील. ‘जरा जास्त हवा मिळेल’ म्हणून कट-आउट वर चढवायचा मोह सगळ्यांना होतो. पण हवा कमी पडते ती पंपाच्या क्षमतेमुळे, स्विच वर नेऊन पंपातून जास्त हवा निघत नाही. उलट दाब जास्त तितका पंप जास्त तापतो.

भरल्या टाकीवर सेफ्टी व्हॉल्वची रिंग चष्मा लावून क्षणभर ओढा. जोरात हवा सुटली आणि सोडल्यावर व्हॉल्व नीट बसला पाहिजे.

शेवटची गळती तपासणी: टाकी भरून प्लग काढा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. ताजी दाबलेली हवा गरम असते, गार होताना काटा थोडा उतरतो, त्याला गळती समजू नका. टाकी हाताला गार लागली की आकडा लिहून ठेवा आणि तासाभरानं पुन्हा पाहा. आता काटा जवळपास तिथेच असायला हवा.

थ्री फेजवाल्यांसाठी

३ एचपीच्या पुढच्या थ्री फेज मशीनवर प्रेशर स्विच बहुधा मोटरचा करंट तोडत नाही, तो स्टार्टरच्या कॉइलची वायर तोडतो. जुन्या स्विचला दोनच बारीक वायरी आल्या असतील तर तुमचं मशीन या प्रकारचं आहे. हवेचं सगळं काम वर सांगितल्यासारखंच. पण स्टार्टरच्या डब्यातल्या जोडण्या लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्या. ४१५ व्होल्टवर शिकायची ही जागा नाही. कारखान्यातली हवेची टाकी असेल तर तिची ठरावीक काळानं सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेणं कायद्यानंही बंधनकारक असतं. तो दाखला जुना झाला असेल तर याच निमित्तानं करून घ्या.

काम झालं की कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, कट-इन आणि कट-आउट लिहा, आणि एनआरव्हीची चकती बदलली असेल तर तेही. जुना स्विच लगेच भंगारात टाकू नका. महिनाभरानं नव्याचं कव्हर प्लग काढून उघडा आणि दोन्हीचे कॉन्टॅक्ट शेजारी धरून पाहा. नव्यावर आत्ताच काळा डाग धरायला लागला असेल, तर व्होल्टेज, वायर आणि एनआरव्ही यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा.